'मी' की 'आम्ही' : कॅथलिक संस्कारविधींच्या अटींविषयी

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फीनिक्स नावाचे शहर आहे. तेथील कॅथलिक धर्मप्रांताने २०२२ च्या प्रारंभी आपल्या लोकांस असे कळविले, की एका धर्मगुरूने अनेक वर्षे दिलेला बाप्तिस्मा हा मुळी बाप्तिस्माच नव्हे. त्या गृहस्थाच्या श्रद्धेविषयी वा वर्तनाविषयी तक्रार नव्हती. पाणी होते, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे नाव होते, मुलाचे आईबाप व साक्षीदार उभे होते. चुकले ते एकच. 'मी तुला बाप्तिस्मा देतो' असे म्हणावयाचे, तेथे तो 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असे म्हणत असे. तेवढ्यासाठी हजारो माणसांना आपला बाप्तिस्मा नव्याने घ्यावा लागेल की काय, हे पाहणे भाग पडले, आणि त्या धर्मगुरूने आपल्या पॅरिशचे काम सोडले.

आमच्या वाचकांपैकी जे संस्कृताचे अध्यापन करतात त्यांना येथे 'इंद्रशत्रु' शब्दाची कथा आठवल्यावाचून राहणार नाही. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून आहुती दिली. परंतु उच्चारात स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, आणि 'इंद्राचा मारक' होण्याऐवजी 'इंद्र ज्याचा मारक' असा वृत्र जन्मास आला. शिक्षाकारांनी व महाभाष्यकारांनी ही कथा शुद्ध उच्चाराचे महत्त्व ठसविण्यासाठी योजिली आहे. फीनिक्सची हकीकत प्रथमदर्शनी ह्याच जातीची वाटते. ती तशी नाही, आणि का नाही, हे पाहू गेले असता कॅथलिक संस्कारविचाराचे मर्म हाती लागते. म्हणून हा लेख.

आधी शब्दांविषयी थोडे. मूळ लॅटिन 'साक्रामेंतुम' हा शब्द पोर्तुगीजांच्या मार्गाने गोव्यात आला आणि कोकणीत 'साक्रामेंत' म्हणून रुळला. पापनिवेदनाला तेथे 'कुमसार' म्हणतात. वसईकडच्या मराठी कॅथलिकांनी मात्र 'संस्कार' हा शब्द पत्करला. तो सोयीचा आहे, पण थोडा फसवाही आहे. आपल्याकडील गर्भाधानादी संस्कार मनुष्याच्या आयुष्यातील टप्प्यांना धरून त्याला योग्यता आणून देतात. कॅथलिक मताप्रमाणे साक्रामेंत हे ख्रिस्ताचे स्वतःचे कृत्य असून त्यात दृश्य चिन्हाच्या द्वारे अदृश्य कृपा प्रत्यक्ष दिली जाते. असे सात संस्कार चर्च मानते : बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णांचा तैलाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह.

हे संस्कार केव्हा घडतात व केव्हा घडत नाहीत, ह्याचे सूत्र १४३९ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने अर्मेनियन ख्रिस्त्यांसाठी काढलेल्या आज्ञापत्रात सापडते. तीन गोष्टी हव्यात : द्रव्य, वचन, आणि चर्च जे करते ते करण्याचा हेतू बाळगणारा विधिकर्ता. ह्यांतील एकही नसेल तर संस्कार झालाच नाही. द्रव्य व वचन ही जोडी ॲरिस्टॉटलच्या विचारातून मध्ययुगीन पंडितांनी उचलली. माती जशी कुंभाराने आकार दिल्यावाचून घट होत नाही, तसे नुसते पाणी म्हणजे स्नान. वचनाने ते बाप्तिस्मा होते.

द्रव्याच्या बाबतीत चर्च मोठे हट्टी आहे. बाप्तिस्म्याला खरे पाणी पाहिजे; ते विहिरीचे, नदीचे, समुद्राचे कसलेही चालेल, पण दूध किंवा तेल चालणार नाही. ख्रिस्तप्रसादासाठी भाकर गव्हाचीच आणि मद्य द्राक्षांचेच. भात हेच ज्यांचे अन्न अशा कोकणात व गोव्यात चार शतके राहूनही तांदळाची भाकर वेदीवर गेली नाही. गव्हातील ग्लुटेन ज्यांना सोसत नाही अशा रुग्णांचा प्रश्न अलीकडे निघाला, तेव्हाही रोमने उत्तर दिले ते असेच : ग्लुटेन अत्यल्प असलेली भाकर ग्राह्य, ते मुळीच नसलेली अग्राह्य, कारण ती गव्हाची भाकर राहिली नाही. ज्याला तेवढेही सोसत नाही त्याने केवळ द्राक्षरसाच्या रूपात प्रसाद घ्यावा. बाहेरच्या माणसाला ही किरकोळ गोष्टीतील कठोरता वाटेल. चर्चची भूमिका अशी, की हे चिन्ह आम्ही निवडलेले नाही, म्हणून ते बदलण्याचा अधिकारही आम्हांस नाही.

इतकी कठोरता द्रव्यात असताना विधिकर्त्याच्या चारित्र्याविषयी मात्र चर्चने घातलेली अट जवळजवळ शून्य आहे. हा विरोधाभास समजून घेण्याजोगा आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन साम्राज्याने ख्रिस्त्यांचा छळ केला, तेव्हा काही धर्माधिकाऱ्यांनी भिऊन पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेत वाद पेटला, की असल्या पतितांच्या हातून झालेली दीक्षा खरी कशी मानावी? कार्थेजचा नवा बिशप सेसिलियन ह्याला दीक्षा देणाऱ्यांत असा एक पतित होता, असे म्हणून एक पक्ष फुटून निघाला. डोनॅटस ह्या पुढाऱ्यावरून त्यांना डोनॅटिस्ट म्हणतात. त्यांचे म्हणणे सरळ होते : ज्याच्यापाशी पावित्र्य नाही तो ते दुसऱ्याला कोठून देणार? ह्या प्रश्नाला हिप्पोचा बिशप ऑगस्टीन ह्याने दिलेले उत्तर पुढे सर्व कॅथलिक विचाराचा पाया झाले. त्याचा आशय असा, की हात कोणाचाही असो, बाप्तिस्मा ख्रिस्तच देतो. तो हात यहूदाचा असला तरीही. पाणी दगडी पन्हळीतून वाहिले तरी बाग भिजतेच. पन्हळ मात्र कोरडी ती कोरडीच.

डोनॅटिस्टांची बाजू हलकी होती असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी छळ सोसला होता, आणि ज्यांनी तो टाळला त्यांच्याच हातून प्रसाद घ्यावयाचा हे त्यांना असह्य होते. परंतु त्यांचे म्हणणे मान्य केले तर परिणाम काय होतो? सामान्य माणसाला आपल्या पाद्रीच्या अंतःकरणातले कळत नाही. त्याची पापे गुप्त असतील, तर आपला विवाह, आपल्या मुलाचा बाप्तिस्मा, मरणशय्येवरील आईला मिळालेली क्षमा, ह्यांतले काहीच खात्रीचे राहणार नाही. १५४७ च्या मार्च महिन्यात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने, महापातकात असलेल्या विधिकर्त्याच्या हातूनही संस्कार घडतो, असे निश्चित केले, ते ह्याच परंपरेला धरून. संस्कार हा केलेल्या कृत्याच्याच बळाने फलद्रूप होतो, करणाऱ्याच्या गुणाने नव्हे, असे त्या परिषदेचे सूत्र आहे. ह्यात पाद्रीला सूट नाही; अशा स्थितीत विधी करणे हे त्याच्या माथी आणखी एक पाप. सूट आहे ती समोर उभ्या असलेल्या भाविकाला.

आता वचनाकडे वळू. आठव्या शतकात जर्मन प्रदेशात धर्मप्रसार करणाऱ्या बोनिफेसला असे आढळले, की बव्हेरियातील एक पाद्री लॅटिनमध्ये इतका कच्चा आहे, की तो बाप्तिस्मा देताना 'पिता' व 'पुत्र' ह्यांची रूपे बिघडवून जवळजवळ 'मातृभूमी' आणि 'कन्या' असे म्हणतो. बोनिफेसने अशांना पुन्हा बाप्तिस्मा द्यावा असे सांगितले. दोघा धर्मगुरूंनी ही गोष्ट रोमला कळविली, आणि पोप झकारियस ह्याने बोनिफेसला लिहिले, की त्या मनुष्याने काही पाखंड मनात धरून तसे म्हटले नाही, केवळ भाषेच्या अज्ञानाने म्हटले. तेव्हा पुन्हा बाप्तिस्मा देऊ नये. त्वष्ट्याचा स्वर चुकला आणि यज्ञ उलटला. बव्हेरियन पाद्रीची विभक्ती व लिंग दोन्ही चुकले आणि संस्कार घडला. वैयाकरणांना हा निर्णय रुचणार नाही. पण त्यावरून हे दिसते, की कॅथलिक मताने वचन हा ध्वनीचा मंत्र नव्हे. ते अर्थवाही वाक्य आहे, आणि ज्या चुकीने अर्थ ढळत नाही ती चूक घातक नाही.

मग 'आम्ही' घातक का? केवळ प्रथमपुरुषी एकवचन पवित्र म्हणून नव्हे. पौर्वात्य ख्रिस्ती 'ईश्वराचा हा सेवक पित्याच्या नावाने बाप्तिस्मा पावत आहे' अशा कर्मणी वाक्याने बाप्तिस्मा देतात. त्यात 'मी' नाही, तरी फ्लॉरेन्सनेच तो ग्राह्य मानला. रोमच्या धर्मसिद्धान्त मंडळाने ६ ऑगस्ट २०२० रोजी ह्या प्रश्नाचे जे उत्तर प्रसिद्ध केले, त्याच्या सोबतच्या टिपणीवरून खरा मुद्दा कळतो. काही ठिकाणी आईबाप, आजीआजोबा, साक्षीदार, मित्रमंडळी ह्या सर्वांच्या वतीने 'आम्ही' बाप्तिस्मा देतो असे म्हणण्याची पद्धत पडली होती. हेतू हा, की सोहळ्यात सर्वांचा सहभाग दिसावा. हेतू सुंदर आहे. परंतु त्याने वाक्याचा कर्ता पालटला. 'मी' म्हणताना पाद्री आपले नाव घेत नसतो. ख्रिस्ताच्या ठिकाणी उभा राहून तो ते सर्वनाम उच्चारतो. 'आम्ही' म्हटले की बोलणारा जनसमूह होतो, आणि जनसमूहाला स्वतःच्या नावाने हे देण्याची सत्ता नाही. बव्हेरियन पाद्रीचे शब्द बिघडले पण कर्ता कायम राहिला. येथे शब्द शुद्ध राहिले आणि कर्ता गेला. सबंध लेखात 'आम्ही' लिहिणाऱ्या आम्हांस हा भेद थोडा बोचतो, हे कबूल केले पाहिजे. मराठीत राजे, मठाधिपती आणि संपादक आदरार्थी 'आम्ही' वापरीत आले. बाप्तिस्म्याच्या कुंडाशी मात्र बिशपलाही 'मी'च म्हणावे लागते.

त्या उत्तराचा एक परिणाम असा झाला, की डेट्रॉइट प्रांतातील एका तरुण धर्मगुरूने आपल्या लहानपणच्या बाप्तिस्म्याचे चित्रण पुन्हा पाहिले, आणि त्यात 'आम्ही' हा शब्द त्याच्या कानी आला. बाप्तिस्मा हे इतर सर्व संस्कारांचे द्वार. तो नसेल तर दृढीकरण नाही, गुरुदीक्षा नाही. म्हणजे तीन वर्षे पाद्री म्हणून वावरलेला हा मनुष्य पाद्री नव्हताच, ख्रिस्ती म्हणूनही त्याची गणना होत नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये त्याला बाप्तिस्म्यापासून गुरुदीक्षेपर्यंत सर्व संस्कार नव्याने देण्यात आले. त्याने वाहिलेली मिस्सा व दिलेली पापक्षमा असिद्ध ठरली, त्याच्यासमोर झालेले विवाह तपासून पाहावे लागले. मात्र त्याने दिलेला बाप्तिस्मा कायम राहिला. वर्गात शिकविताना ह्याहून चांगले उदाहरण मिळणार नाही, कारण बाप्तिस्मा देण्यास पाद्री असावेच लागत नाही.

१९८३ चा चर्चचा कायदा सांगतो, की बाप्तिस्मा देणे हे सामान्यतः बिशप, धर्मगुरू किंवा डीकन ह्यांचे काम; पण निकड असेल तेव्हा योग्य हेतू असलेला कोणीही मनुष्य तो देऊ शकतो. त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असला पाहिजे असेही नाही. सुईण, शेजारीण, हिंदू परिचारिका, कोणीही. चर्च जे करते ते करण्याची इच्छा पुरे. चर्चच्या शिकवणीवर विश्वास हवा असे नाही. जे सर्वांत आवश्यक ते सर्वांच्या हाताशी असावे, अशी ही योजना आहे. जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली, पुढे पाद्री हद्दपार झाले किंवा मारले गेले, आणि सतराव्या शतकाच्या मध्यानंतर तेथे एकही उरला नाही. त्या मोहिमेचे धागे गोव्यापर्यंत पोचत होते. पण साहाय्याला जाणे कोणाला शक्य नव्हते. दोनशे वर्षे तेथील खेड्यांतून गुप्तपणे राहिलेल्या ख्रिस्त्यांपाशी मिस्सा राहिली नाही, पापक्षमा राहिली नाही; बाप्तिस्मा मात्र गावातील नेमलेले गृहस्थ देत राहिले. १८६५ च्या मार्चमध्ये नागासाकी येथील नव्या देवळात काही खेडूत येऊन फ्रेंच पाद्रीला हळूच आपली ओळख सांगू लागले, ते ह्या पाण्याच्या आधारावर टिकलेले ख्रिस्ती होते.

येथवर संस्कार 'सिद्ध' केव्हा होतो हे पाहिले. तो 'विहित' केव्हा, हा निराळा प्रश्न. ह्या दोहोंची गल्लत अभ्यासकांकडूनही होते. निकड नसताना घरच्या माणसाने मुलाला बाप्तिस्मा दिला, तर तो सिद्ध आहे पण विहित नाही. नियम मोडला, तरी कृत्य घडले. प्रायश्चित्ताच्या बाबतीत मात्र अधिकारपत्र ही सिद्धीचीच अट आहे : पाद्रीला पापक्षमा देण्याची परवानगी नसेल तर ती क्षमाच नव्हे. आणि लगेच त्याला अपवाद, की मरणोन्मुख मनुष्याला कोणताही पाद्री, मग त्याला पदावरून दूर केलेले का असेना, सिद्ध क्षमा देऊ शकतो. मरण जवळ आले की ह्या कायद्याच्या गाठी एकेक सुटत जातात. विवाहाला पॅरिश-पाद्री किंवा त्याचा प्रतिनिधी आणि दोन साक्षीदार हवेत. परंतु मरणाचा धोका असेल, किंवा महिनाभर पाद्री मिळणारच नाही असे दिसत असेल, तर केवळ साक्षीदारांसमोरही तो होतो. बाप्तिस्मा झाला की नाही ह्याविषयी शोधाअंतीही खरी शंका राहिली, तर 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर' असे म्हणून तो द्यावयाचा. कारण एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा देता येत नाही. उलट बाजूने पाद्रीवरही बंधन आहे : योग्य वेळी, योग्य तयारीने आणि कायद्याची बंदी नसताना जो संस्कार मागतो त्याला तो नाकारता येत नाही, आणि गरिबाला दक्षिणेअभावी त्यापासून वंचित ठेवता येत नाही.

राहिला घेणाऱ्याचा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत अवघड प्रश्न हाच. प्रौढाच्या बाप्तिस्म्याला त्याची स्वतःची इच्छा हवी. ती मुळीच नसेल तर संस्कार असिद्ध. पोप तिसरा इनोसंट ह्याने १२०१ साली असे म्हटले खरे. पण त्याच पत्रात, भीतीने का होईना ज्याने होकार दिला त्याला बाप्तिस्मा लागू होतो, अशीही पुस्ती जोडली. गोव्याच्या १५६७ च्या प्रांतिक धर्मपरिषदेने बळाने कोणास धर्मात आणू नये असे ठरविले. पण त्याच परिषदेने हिंदूंच्या धर्माचरणावर निर्बंध घालण्याची मागणी राजसत्तेकडे केली. बळ आणि भय ह्यांतील अंतर किती, हे त्या काळी गाव सोडून नदीपार गेलेल्या घराण्यांना विचारावे.

अर्भकाला इच्छा नसते. त्याच्या वतीने आईबाप बोलतात. ज्याला आईबाप नाहीत त्याचे काय? पोर्तुगीज राजसत्तेने १५५९ साली अनाथ हिंदू मुले ख्रिस्ती संस्थांच्या हवाली करावीत, त्यांना धर्मशिक्षण व बाप्तिस्मा द्यावा, अशी आज्ञा काढली. म्हणजे पालकाची जागा राजाने घेतली. आणि ज्याला आईबाप आहेत पण त्यांना विचारलेच नाही त्याचे काय? थॉमस अक्वायनस ह्याने तेराव्या शतकात स्पष्ट सांगितले होते, की ज्यूंच्या मुलांना आईबापांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा देणे हे नैसर्गिक न्यायाला सोडून आहे. अठराव्या शतकात, १७४७ साली, पोप चौदावा बेनेडिक्ट ह्याने तेच मान्य केले, आणि पुढे लिहिले, की तरीही कोणी तो दिलाच, तर तो सिद्ध आहे. 'अविहित पण सिद्ध' : वर आम्ही जो भेद शांतपणे समजावून सांगितला, त्याची धार येथे कळते.

बोलोन्या शहर त्या काळी पोपच्या राज्यात होते. मोर्तारा नावाच्या ज्यू कुटुंबात ॲना मोरिसी ही ख्रिस्ती मोलकरीण होती. एद्गार्दो हे मूल तान्हे असताना आजारी पडले, ते जगणार नाही असे तिला वाटले, आणि तिने कोणास न सांगता त्याच्यावर पाणी शिंपडून शब्द म्हटले. मूल जगले. काही वर्षांनी ही गोष्ट फुटली. पाणी खरे, वचन खरे, हेतू खरा. विधिकर्ता कोणीही चालतो. तेव्हा मूल ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती मुलाने ज्यू घरात वाढावयाचे नाही असा राज्याचा कायदा. २३ जून १८५८ रोजी संध्याकाळी शिपाई घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या एद्गार्दोला घेऊन गेले. युरोप-अमेरिकेत गहजब झाला. पोप नववा पायस ह्याने मूल परत दिले नाही. एद्गार्दो पुढे स्वतः धर्मगुरू झाला आणि १९४० साली बेल्जियममधील लिएज येथे वारला.

जी अट मरणाऱ्या मुलासाठी इतकी सैल ठेवली, तीच एका जगलेल्या मुलाला घरातून उचलून नेण्यास पुरेशी झाली. आज पोपचे ते राज्य नाही, आणि चर्चचा कायदाही बाप्तिस्मा विहित होण्यास आईबापांपैकी निदान एकाची संमती मागतो. परंतु त्याच कलमाचा पुढचा भाग अद्याप आहे : मूल मरणाच्या दारी असेल, तर आईबापांच्या इच्छेविरुद्धही त्याला बाप्तिस्मा देणे विहित आहे. कायद्याचे काही भाष्यकार तेवढे वाक्य घाईने ओलांडतात. मोर्तारांच्या घरची ती संध्याकाळ वाचल्यावर आम्हांला ते तसे ओलांडता आले नाही.